एकट्याने काम करणाऱ्यांची संघटना: स्वतंत्र सल्लागार एकत्र कसे राहतात?



मागच्या व्याख्यानात आपण व्यवसायनीतीबद्दल बोललो. डॉक्टर, वकील, शिक्षक यांची उदाहरणं घेतली. त्यानंतर एका श्रोत्यांचा प्रश्न आला. ते केमिकल इंजिनिअर आहेत आणि निवृत्तीनंतर स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करतात. त्यांनी विचारलं, "सर, आम्ही आठ-दहा जण मिळून एक मंडळ काढायचं म्हणतोय. पण आम्ही तर एकमेकांचे स्पर्धक. असं मंडळ टिकतं का? आणि टिकवायचं तर कसं?"

आता तुम्ही म्हणाल, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तरला कशाला? त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे हा प्रश्न खरोखरच तत्त्वज्ञानाचा आहे. ज्यांचा स्वतंत्रपणा हीच ज्यांची पुंजी आहे, त्यांनी एकत्र का यावं आणि एकत्र येऊन काय गमवावं, असा तो प्रश्न आहे. दुसरं कारण जरा अवघड आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका गटाची आचारसंहिता मी लिहून दिली होती, आणि ती चुकीची लिहिली होती. ते मी शेवटी सांगतो. आधी विषय नीट समजून घेऊ.

पहिल्यांदा, हा सल्लागार म्हणजे कोण? आपल्याकडे केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान आठवतं. ते केमिस्ट वेगळे. इथे मी बोलतोय ते रसायनशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर यांच्याबद्दल. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं कारखान्यात, प्रयोगशाळेत काढली आणि मग स्वतःचं दुकान थाटलं, असे लोक. कोणी रंगांतला जाणकार असतो, कोणी बॉयलरमधला, कोणी डिस्टिलेशन कॉलममधला. कारखान्याला त्यांची गरज वर्षातून दहा दिवस लागते. पण ते दहा दिवस महत्त्वाचे असतात.

या लोकांच्या संघटना नव्या नाहीत. अमेरिकेत 'असोसिएशन ऑफ कन्सल्टिंग केमिस्ट्स अँड केमिकल इंजिनिअर्स' ही संस्था १९२८ सालची आहे. फिलाडेल्फिया परिसरात रसायन सल्लागारांचं एक मंडळ आहे, ते दोन मोठ्या संस्थांच्या स्थानिक शाखांच्या आधाराने चालतं. एक अमेरिकन केमिकल सोसायटी, १८७६ ची, आणि दुसरी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स, जी १९०८ साली फिलाडेल्फियातच स्थापन झाली. त्या भागात असं मंडळ असणं साहजिक आहे. जवळच विल्मिंग्टनला ड्यूपाँ, फिलाडेल्फियात पूर्वी रोम अँड हास होती. मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली, विलीनीकरणं झाली, की पन्नाशी-पंचावन्नची अनुभवी माणसं बाहेर पडतात. डोक्यात तीस वर्षांचं ज्ञान, पण हाताशी ना टायपिस्ट, ना कायदा विभाग, ना शेजारच्या टेबलावरचा सहकारी. आपल्याकडे व्हीआरएसच्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात हेच झालं.

या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान कोणतं, असं तुम्हाला वाटतं? पगार? नाही. माझे मोठे मेव्हणे असे सल्लागार झाले. ते म्हणायचे, "पगाराचं काही नाही हो. पण पूर्वी शंका आली की जिना उतरून खाली जायचो आणि विचारायचो. आता कोणाला विचारू?" हे वाक्य लक्षात ठेवा. मंडळाचा सगळा पाया या वाक्यात आहे.

आता ग्राहकाच्या बाजूने बघू. कारखान्याच्या मालकाला एक अनोळखी माणूस येऊन सांगतो की मी जाणकार आहे. मालकाने विश्वास कसा ठेवायचा? आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणीशिवाय ती उपाधी लावता येत नाही. इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी नोंदणीचा कायदा नाही. व्हिजिटिंग कार्ड छापलं की झाला सल्लागार. म्हणजे विश्वासाचा प्रश्न मोकळाच राहतो.

हा प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे ठेवले? गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. ठेव परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आता विचार करा. एखाद्या विणकराकडे, तो कितीही प्रामाणिक असला तरी, कायमची ठेव ठेवता आली असती का? तो मरेल, गाव सोडेल. श्रेणी मात्र राहते. व्यक्तीवर ठेवता येत नाही असा विश्वास संस्थेवर ठेवता येतो. सल्लागारांचं मंडळ नेमकं हेच विकत असतं. त्याचा माल म्हणजे विश्वास.

पण हा विश्वास तयार कसा होतो? ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. उपयोगासाठीची मैत्री, आनंदासाठीची मैत्री आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली मैत्री. तो असंही म्हणतो की उपयोगाच्या मैत्रीत तक्रारी सगळ्यात जास्त होतात, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याला कमी मिळालं. व्यावसायिक मंडळ हे उपयोगाच्या मैत्रीवर सुरू होतं. लोक कामं मिळतील म्हणून येतात. त्यात काही वाईट नाही. पण ते तिथेच थांबलं तर दोन-तीन वर्षांत मोडतं. म्हणून मंडळ चालवण्याचे सगळे नियम हे खरं म्हणजे तक्रारी कुठून उगवतात हे ओळखून केलेले असतात. अशा चार जागा मला दिसतात. एकेक घेऊ.

पहिली जागा, प्रवेश. कोणाला घ्यायचं? दार फार उघडं ठेवलं तर नोकरी शोधणारे, विमा विकणारे, यंत्रं विकणारे येतात आणि सभा म्हणजे बाजार होतो. दार फार बंद ठेवलं तर मित्रांची टोळी होते. मधला रस्ता असा की तपासता येईल तेवढंच मागायचं. शिक्षण, प्रत्यक्ष कामाची वर्षं, दोन-तीन जुन्या ग्राहकांची किंवा सहकाऱ्यांची नावं, आणि ती नावं खरोखर फोन करून विचारायची. बहुतेक मंडळं नावं मागतात आणि फोन करत नाहीत. मग त्या तपासणीला अर्थ उरत नाही. आणखी एक. सभासदाने 'मला काय येतं' याबरोबर 'मला काय येत नाही' हेही लिहून द्यावं. हा दुसरा कागद पहिल्यापेक्षा मोलाचा असतो.

दुसरी जागा, कामाची वाटणी. मंडळाकडे चौकशी येते: अमुक द्रावक परत मिळवण्यासाठी कोणी माहितगार आहे का? ही चौकशी प्रथम कोणाच्या हातात पडते? सेक्रेटरीच्या. आणि सेक्रेटरी हा स्वतःच सल्लागार असतो! इथेच मंडळं फुटतात. आपल्याकडे भिशी का चालते? कारण कोणाचा नंबर कधी हे सगळ्यांना माहीत असतं आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर काढतात. तसंच इथे. आलेली चौकशी त्या विषयातल्या सगळ्या सभासदांना एकाच वेळी कळवायची, निवड ग्राहकाने करायची, आणि पदाधिकाऱ्याला स्वतःला त्यात रस असेल तर ती चौकशी त्याने दुसऱ्याच्या हाती द्यायची. मंडळाने मिळालेल्या कामावर टक्केवारी घ्यावी का? माझं मत, घेऊ नये. टक्केवारी आली की मंडळ दलाल होतं, आणि दलालाला मोठी कामं आवडायला लागतात. ठरलेली वार्षिक वर्गणी बरी. सगळ्यांना सारखी.

तिसरी जागा, फी. एकत्र आल्याबरोबर पहिला विषय निघतो तो हाच. "अहो, तो अमका दिवसाला निम्म्या पैशात जातो, आपण सगळ्यांनी मिळून एक किमान दर ठरवू या." ऐकायला किती न्याय्य वाटतं! पण यावर अमेरिकेत दोन महत्त्वाचे निकाल झाले. १९७५ च्या निकालात प्रश्न वकिलांचा होता. व्हर्जिनियात एका जोडप्याला घर घेताना मालकी हक्क तपासून हवा होता आणि एकही वकील ठरलेल्या किमान दराखाली उतरायला तयार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुशिक्षित व्यवसाय असला तरी दर बांधून घेता येणार नाही. दुसरा निकाल १९७८ चा, खास इंजिनिअरांचा. नॅशनल सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्सच्या आचारसंहितेत एक कलम होतं की सभासदाने किमतीच्या स्पर्धेत उतरू नये. त्यांचा युक्तिवाद असा की किमतीवर स्पर्धा झाली तर काम निकृष्ट होईल, पूल पडतील, लोक मरतील. न्यायालयाने तो नाकारला.

मी हा खटला पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी सहानुभूती इंजिनिअरांकडे होती. सुरक्षिततेपेक्षा स्पर्धा मोठी का? पण पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की युक्तिवादात एक पायरी गाळलेली आहे. धोकादायक काम करू नये, हा नियम करायला कोणाचीच हरकत नव्हती. तसा नियम करा ना! पण तो न करता किमतीवरच बोलायचं नाही असा नियम केला, आणि त्याला सुरक्षिततेचं नाव दिलं. आपल्या फायद्याचा नियम जेव्हा लोकहिताच्या भाषेत येतो, तेव्हा तो दोनदा तपासायला हवा. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार संघटनेने मिळून दर ठरवणं बेकायदेशीर आहे. त्यामुळे मंडळात फीचं गणित कसं मांडायचं हे जरूर शिकवा. प्रवासाचे दिवस, रिकामे दिवस, विमा, जीएसटी, हे सगळं धरून स्वतःचा दर स्वतः कसा काढायचा ते सांगा. पण आकडा मंडळाने ठरवायचा नाही.

चौथी जागा, मंडळाचं नाव. १९८२ सालचा एक निकाल सांगतो. अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची बॉयलरविषयीची नियमावली जगभर मानली जाते. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन बंद करणारं एक उपकरण असतं. हायड्रोलेव्हल नावाच्या लहान कंपनीने त्यात एक नवी रचना आणली. तिच्या मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीचा एक अधिकारी संस्थेच्या संबंधित समितीवर होता. त्या कंपनीने संस्थेला पत्र लिहून विचारलं, अशी रचना नियमात बसते का? त्या पत्राचा मसुदा तयार करण्यात समितीच्या अध्यक्षाचाही हात होता आणि उत्तरही त्यानेच तयार केलं. मग ते उत्तर बाजारात फिरवलं गेलं की बघा, हे उपकरण असुरक्षित आहे. न्यायालयाने संस्थेलाच जबाबदार धरलं. संस्था म्हणाली, आमचा यात काही फायदा नव्हता, ती माणसं विनामोबदला काम करणारी होती. न्यायालयाचा सूर असा: तुमच्या नावाचं वजन तुम्ही त्यांच्या हाती दिलंत, तेव्हा जबाबदारीही तुमची.

म्हणजे मंडळाचं लेटरहेड ही फार जपून वापरायची वस्तू आहे. सभासदाने दिलेला अहवाल हा सभासदाचा, मंडळाचा नव्हे. हे प्रत्येक कागदावर स्पष्ट हवं.

या चार जागा सांभाळल्या की मंडळ चालतं. महिन्याची सभा होते, कोणी करारपत्रावर बोलतं, कोणी व्यावसायिक विम्यावर, कोणी न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून कसं उभं राहावं यावर. चहा होतो. पण मंडळ चालणं आणि मंडळाचा उपयोग होणं यात फरक आहे. आता मी माझ्या चुकीकडे येतो.

मेव्हण्यांच्या गटात तेव्हा चौदा जण होते. त्यांनी मला आचारसंहिता लिहायला सांगितली. मीही हौसेने अकरा कलमं लिहिली. चौथं कलम: ग्राहकाची माहिती कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगू नये. सातवं कलम: एका सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या कामावर टीका करू नये. भाषा छान होती. टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी काय झालं, तर मेव्हण्यांना एका लहान कारखान्याने बोलावलं. एक प्रक्रिया प्रयोगशाळेत उत्तम चालत होती, ती मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये न्यायची होती. प्रक्रियेत उष्णता बाहेर पडते. आता इथे एक साधं गणित आहे. एक लिटरच्या चंबूतून पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये गेलं की आकार तसाच धरला तर आकारमान पाच हजार पट वाढतं, पण बाहेरचा पृष्ठभाग साधारण तीनशे पटच वाढतो. उष्णता तयार होते आकारमानात आणि बाहेर जाते पृष्ठभागातून. म्हणजे दर लिटरमागे थंड करायला मिळणारी जागा सतराव्या हिश्श्यावर येते. चंबू आपोआप थंड राहतो, रिअ‍ॅक्टर राहत नाही. मेव्हण्यांनी लिहून दिलं: आधी कॅलरीमीटरवर चाचणी करा, थंड पाण्याची दुसरी सोय करा, त्याशिवाय सुरू करू नका.

मालक म्हणाले, "साहेब, बाकी सगळं ठेवा, हा परिच्छेद तेवढा काढा. बँकेला द्यायचाय." मेव्हण्यांनी नकार दिला. फी बुडाली. दोन महिन्यांनी त्यांना कळलं की त्याच कामाचा अहवाल दुसऱ्या सल्लागाराने दिला, त्या परिच्छेदाशिवाय. आणि तो दुसरा सल्लागार त्याच गटाचा सभासद होता.

मेव्हणे सभेत बोलायला उभे राहिले. सेक्रेटरींनी शांतपणे माझी आचारसंहिता काढली. चौथ्या कलमाप्रमाणे तुम्हाला ग्राहकाबद्दल बोलता येणार नाही. सातव्या कलमाप्रमाणे सहकाऱ्यावर टीका करता येणार नाही. मी त्या सभेत पाहुणा म्हणून बसलो होतो. मी लिहिलेल्या शब्दांनी एका खरं बोलणाऱ्या माणसाला खाली बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मेव्हणे पुढे दोन वर्षं सभेला गेले नाहीत. मला त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही, हे जास्त लागलं.

हा प्रसंग लहान आहे असं वाटेल, म्हणून दुसरा सांगतो, तो अमेरिकेतला आहे आणि त्याचा सरकारी तपास अहवाल आहे. फ्लोरिडात जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाचा लहान कारखाना होता. चालवणारे एक केमिस्ट आणि एक केमिकल इंजिनिअर. १९ डिसेंबर २००७ रोजी रिअ‍ॅक्टर थंड करण्याची यंत्रणा कमी पडली, प्रक्रिया हाताबाहेर गेली आणि स्फोट झाला. चार माणसं गेली, त्यात दोन मालकांपैकी एक होते. ती त्या प्रक्रियेची १७५ वी बॅच होती. म्हणजे आधीच्या १७४ बॅच स्फोटाशिवाय पार पडल्या होत्या! अहवालात असं नोंदलं आहे की सुरुवातीला आराखड्याच्या वेळी एका सल्लागाराने धोक्यांचा पद्धतशीर अभ्यास करायला हवा असं सांगितलं होतं. तो अभ्यास झाल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही.

सल्लागार सांगतो आणि निघून जातो. नोकरीतला इंजिनिअर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगू शकतो, तिसऱ्या दिवशी ओरडू शकतो. सल्लागाराचा दहावा दिवस संपलेला असतो. हा त्याच्या स्वतंत्रपणाचा दुबळा भाग आहे, आणि मंडळाचा खरा उपयोग इथे व्हायला हवा.

मेव्हण्यांच्या गटाने नंतर कलमं बदलली. मी मसुदा केला, पण या वेळी आधी त्यांचं ऐकून. सातवं कलम काढून टाकलं. चौथं कलम ठेवलं, पण त्याच्या वर एक नवं पहिलं कलम आलं: माणसांच्या जीविताचा प्रश्न असेल तिथे गुप्ततेचं कलम आडवं येणार नाही. धोक्याची सूचना लेखी द्यायची, तारीख घालून, आणि ग्राहकाने ती दुर्लक्षित केली तर काय करायचं ते दोन ज्येष्ठ सभासदांना विचारायचं. कारखान्याचं नाव न सांगता विचारता येतं, ती सवय लागते. आणि तिसरा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोणतंही काम घेताना ग्राहकाला एक प्रश्न विचारायचाच: "हे आधी कोणी पाहिलंय का? त्यांच्याशी बोलायला तुमची परवानगी आहे का?" परवानगी नाकारली तर तेही एक उत्तरच असतं.

तो दुसरा सल्लागार वाईट माणूस नव्हता. त्याला आधीचा अहवाल दाखवलाच नव्हता. पुढे कळल्यावर तो स्वतः मालकाकडे परत गेला आणि चाचणी करून घ्या म्हणाला. एकाचं ऐकलं नव्हतं, दोघांचं ऐकलं. चाचणी झाली, आणि बॅच लहान ठेवायची असं ठरलं.

तर ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझं उत्तर असं. मंडळ जरूर काढा. प्रवेश तपासा, चौकशा सगळ्यांसमोर ठेवा, दर ठरवू नका, नाव जपून वापरा. पण हे सगळं म्हणजे फक्त घराच्या भिंती. घर कशासाठी, तर एकट्या माणसाला "नाही" म्हणता यावं आणि म्हटल्यावर तो एकटा पडू नये, यासाठी. आचारसंहिता लिहाल तेव्हा प्रत्येक कलमाला एक प्रश्न विचारा: उद्या आपल्यातला कोणी खरं बोलायला उभा राहिला, तर हे कलम त्याला आधार देईल की खाली बसवेल?

मेव्हणे आता ऐंशीच्या पुढे आहेत. काम थांबवलंय, पण सभेला जातात. नवी मुलं त्यांना फोन करून विचारतात. ते म्हणतात, "जिना पुन्हा सापडला."

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.